किशोरवयीनांचे लैंगिकता शिक्षण: शाळेपुढील चार वाटा

वयाच्या दहाव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंतच्या काळाला जागतिक आरोग्य संघटना किशोरावस्था म्हणते आणि २०११ च्या जनगणनेनुसार या वयोगटातील भारतीयांची संख्या सुमारे २५ कोटी ३० लाख, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या एक पंचमांश इतकी होती. याच वर्षांत शरीर प्रजननक्षम होते, आकर्षणाची आणि लाजेची जाणीव होते, समवयस्कांचे मत आईवडिलांच्या मतापेक्षा वजनदार वाटू लागते, आणि याच वर्षांत बहुसंख्य मुलेमुली दिवसाचा मोठा भाग शाळेत घालवतात. म्हणूनच या बदलांविषयी शाळेने काय सांगावे, कोणी सांगावे आणि कोणत्या इयत्तेपासून सांगावे, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. भारतात मात्र त्याची चर्चा बहुतेक वेळा ‘लैंगिक शिक्षण द्यावे की देऊ नये’ एवढ्यावरच थांबते. वस्तुतः प्रजननसंस्थेचा धडा ‘घरी वाचून या’ असे सांगून पुढे जाणारा वर्गही मुलांना काही शिकवतच असतो. हा विषय बोलण्याचा नाही, आणि त्याविषयी शंका असणे हेच चुकीचे आहे, असा तो पाठ असतो. त्यामुळे खरा प्रश्न शिक्षण असावे की नसावे असा नसून ते कोणत्या भूमिकेतून द्यावे असा आहे.

या भूमिका समजून घेण्यापूर्वी दोन संज्ञांमधील फरक पाहणे उपयुक्त ठरते. ‘लैंगिक शिक्षण’ या रूढ संज्ञेत प्रजनन, संभोग, गर्भधारणा आणि लैंगिक संबंधांतून पसरणारे आजार यांची माहिती एवढाच अर्थ सामान्यतः घेतला जातो. ‘लैंगिकता’ ही कल्पना त्याहून व्यापक असून तिच्यात स्वतःच्या शरीराविषयीची प्रतिमा, स्त्री-पुरुषांकडून समाज करत असलेल्या अपेक्षा, आकर्षण, मैत्री, जवळीक, संमती आणि नात्यांमधील सत्तेची विषमता यांचाही समावेश होतो. युनेस्कोने अन्य आंतरराष्ट्रीय संस्थांच्या सहकार्याने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि २०१८ मध्ये सुधारित केलेल्या मार्गदर्शिकेने हाच व्यापक अर्थ स्वीकारला. नातेसंबंध, मूल्ये व हक्क, लिंगभाव, हिंसा व सुरक्षितता, आरोग्यासाठी लागणारी कौशल्ये, शरीर व त्याची वाढ, लैंगिक वर्तन आणि प्रजनन आरोग्य अशी आठ सूत्रे तिने ठरवली आणि प्रत्येक सूत्राचा आशय पाचव्या वर्षापासून पुढे वयोगटांनुसार विभागून दिला. पाच-सहा वर्षांच्या मुलाला अवयवांची योग्य नावे आणि ‘नको’ म्हणण्याचा अधिकार समजावा, तर गर्भनिरोधनाची चर्चा किशोरवयात यावी, असा हा क्रम आहे. लहान मुलांना संभोगाची माहिती देण्याचा घाट घातला जातो, हा सर्वत्र ऐकू येणारा आक्षेप प्रामुख्याने हा क्रम ठाऊक नसल्यामुळे घेतला जातो.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

महाराष्ट्रात हा विषय बाहेरून आलेला नाही. गणिताचे प्राध्यापक असलेल्या रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि पुढे या कार्यासाठी महाविद्यालयातील नोकरी सोडून १९२७ च्या जुलैपासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले, जे १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत प्रसिद्ध होत राहिले. या मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना थेट उत्तरे दिली जात. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरीही कर्वे यांना दंड झाला. माहिती देणे आणि कामोत्तेजना करणे यांतील सीमारेषा कोणी व कशी आखावी, हा त्या खटल्यातील वाद आजही पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांवरून तसाच रंगतो, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय कुटुंब नियोजन संघटनेने विवाहितांच्या समुपदेशनाकडून तरुणांच्या शिक्षणाकडे आपले काम वाढवले, आणि या बदलामागे डॉ. महिंदर वत्स यांच्यासारख्या डॉक्टरांचा आग्रह होता. कर्वे यांच्यापासून येथपर्यंतचे हे सारे कार्य मात्र मुख्यतः प्रौढांच्या आणि विवाहितांच्या गरजांतून उभे राहिले होते. शाळकरी मूल त्याच्या केंद्रस्थानी नव्हते.

चार भूमिका

जगभरातील शालेय कार्यक्रम पाहिले तर त्यांच्यामागे ढोबळमानाने चार भूमिका दिसतात, आणि त्यांच्यातील फरक किशोरवयीन व्यक्तीकडे पाहण्याच्या दृष्टीत आहे.

पहिली भूमिका संयमकेंद्री आहे. विवाहापर्यंत लैंगिक संबंध टाळावेत हा एकच संदेश द्यावा, गर्भनिरोधनाची माहिती दिल्यास ती परवानगी समजली जाईल, असे ती मानते. अमेरिकेत १९९६ च्या कल्याणविषयक कायद्यान्वये अशा कार्यक्रमांसाठी दरवर्षी पाच कोटी डॉलर केंद्रीय निधी राखून ठेवण्यात आला. त्या देशाच्या संसदेच्या सूचनेनुसारच झालेले आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले मूल्यमापन या भूमिकेच्या पाठीराख्यांसाठी निराशाजनक ठरले, कारण कार्यक्रमात सहभागी झालेले आणि न झालेले अशा दोन्ही गटांत लैंगिक संबंध सुरू होण्याचे सरासरी वय सारखेच, १४.९ वर्षे, आढळले, आणि विवाहापूर्वी संबंध टाळणाऱ्यांच्या प्रमाणातही फरक दिसला नाही. संयमाचा सल्ला वाईट नाही, परंतु तो एकटा पुरेसा ठरत नाही, एवढा निष्कर्ष त्यातून निघतो.

दुसरी भूमिका जीवशास्त्रीय आहे. प्रजननसंस्था, मासिक पाळीचे चक्र, फलन आणि आजार यांची शास्त्रीय माहिती दिली की काम झाले, असे ती गृहीत धरते. महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात मानवी प्रजननसंस्था, ऋतुचक्र आणि वंध्यत्वावरील आधुनिक उपचार यांचा समावेश आहे, आणि तो आवश्यकच आहे. पण ही माहिती येते तेव्हा बहुतेक मुलींना पाळी येऊन दोन-तीन वर्षे उलटलेली असतात, आणि मुलांना स्वप्नावस्थेत होणारे वीर्यस्खलन नैसर्गिक आहे हे कोणी सांगितलेले नसते. आकृतीला नावे देता येणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गमैत्रिणीच्या नकाराचा आदर कसा करावा हे मात्र त्या आकृतीतून कळत नाही. ज्ञानाची ही अपूर्णता पुढेही टिकून राहते. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील केवळ २१.६ टक्के स्त्रियांना आणि ३०.७ टक्के पुरुषांना एचआयव्हीविषयी सर्वंकष, म्हणजे प्रसाराचे मार्ग व गैरसमज दोन्ही ओळखण्याइतके ज्ञान असल्याचे आढळले.

तिसरी भूमिका संरक्षणाची आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला. २०१२ मध्ये बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला ‘पॉक्सो’ म्हणून ओळखले जाते, अस्तित्वात आला आणि त्यानंतर शाळांमधून ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ हे वर्ग सर्रास होऊ लागले. समाजाचा विरोध न होता वर्गात येऊ शकलेला हाच एक भाग असल्याने त्याचे महत्त्व मोठे आहे. तथापि त्याच्याही मर्यादा आहेत. अत्याचार करणारी व्यक्ती बहुसंख्य प्रकरणांत मुलाच्या ओळखीची असते, तिचा स्पर्श सुरुवातीला लाडाचा आणि सुखदही वाटू शकतो, आणि म्हणून ‘वाईट वाटले तर तो वाईट स्पर्श’ ही कसोटी लावणारे मूल गोंधळून स्वतःलाच दोषी धरते. या कारणाने अनेक प्रशिक्षक आता ‘सुरक्षित व असुरक्षित स्पर्श’ अशी मांडणी करतात, आणि मोठ्यांनी लपवून ठेवायला सांगितलेली गोष्ट विश्वासू व्यक्तीला सांगावीच, यावर भर देतात. याहून मोठी मर्यादा अशी की शरीराविषयी मुलांच्या कानावर पडणारा पहिला व एकमेव विचार धोक्याचाच असेल, तर शरीर म्हणजे भय ही जोडणी मनात पक्की होते. शिवाय अत्याचार टाळण्याची सारी जबाबदारी अप्रत्यक्षपणे मुलावरच येऊन पडते.

चौथी भूमिका सर्वंकष लैंगिकता शिक्षणाची आहे. ती पहिल्या तिन्ही भूमिकांतील ग्राह्य भाग घेते आणि किशोरवयीन व्यक्ती निर्णय घेऊ लागली आहे, तिला त्या निर्णयांसाठी माहितीबरोबर कौशल्येही हवीत, असे मानते. या भूमिकेवरील सर्वांत जुना आक्षेप म्हणजे अशा शिक्षणाने मुले लवकर संबंधांकडे वळतात. युनेस्कोच्या २००९ च्या मार्गदर्शिकेसाठी अनेक देशांतील कार्यक्रमांच्या अभ्यासांचा जो आढावा घेण्यात आला, त्यानुसार एक तृतीयांशाहून अधिक कार्यक्रमांमुळे लैंगिक संबंध सुरू होण्याचे वय पुढे गेले, उरलेल्यांत फरक पडला नाही, आणि एकाही कार्यक्रमामुळे ते अलीकडे आले नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका आढाव्यात २२ कार्यक्रम तपासले गेले. त्यांतील लिंगभाव आणि नात्यांमधील सत्ता यांची चर्चा करणाऱ्या कार्यक्रमांपैकी ८० टक्के कार्यक्रमांनंतर नको असलेली गर्भधारणा किंवा लैंगिक आजार कमी झाले, तर ही चर्चा टाळणाऱ्या कार्यक्रमांत हे प्रमाण केवळ १७ टक्के होते. या दोन आकड्यांमधील अंतर भारतासाठी विशेष अर्थपूर्ण आहे, कारण येथील शाळांना शरीराची माहिती देणे जेवढे अवघड जाते, त्याहून मुलगा आणि मुलगी यांना मिळणाऱ्या असमान वागणुकीविषयी बोलणे अधिक अवघड जाते.

भारतातील धोरणाचा प्रवास

भारतीय शालेय व्यवस्थेत हा विषय लोकसंख्या शिक्षणाच्या रूपाने आला. १९८० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय लोकसंख्या शिक्षण प्रकल्पाचा भर लहान कुटुंबावर होता. १९९३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने भरवलेल्या परिसंवादानंतर किशोरावस्था शिक्षणाची कल्पना रुजू लागली. पुढे एचआयव्हीच्या प्रसाराची भीती वाढली, आणि केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालय व राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांनी २००५ च्या सुमारास किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आखून माध्यमिक वर्गांसाठी वर्षाला किमान १६ तासांची अपेक्षा ठेवली. त्याचे प्रशिक्षण साहित्य राज्यांकडे गेले तेव्हा त्यातील चित्रांवरून मोठे वादंग उठले. २००७ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात आमदारांनी या साहित्याला विरोध केला आणि राज्य सरकारने त्यावर बंदी घातली. गुजरात, मध्य प्रदेश आणि कर्नाटक यांसह इतर राज्यांनीही तसेच पाऊल उचलले. संततिनियमनाचे पहिले धडे ज्या प्रांतात गिरवले गेले, तोच प्रांत विरोधकांत सामील झाला, याचे कारण केवळ सनातनीपणात शोधणे अपुरे ठरेल. साहित्य पालकांना न दाखवता आले, शिक्षकांना पुरेसे प्रशिक्षण न देता वाटले गेले, आणि मुळात ते आजाराच्या भीतीतून तयार झालेले असल्याने त्यात लैंगिक संबंधांच्या धोक्यांना मोठे स्थान होते. साहजिकच ते अनेक पालकांना अकाली वाटले. २००९ मध्ये व्यंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने तर शाळेत लैंगिक शिक्षण असू नये आणि विवाहापूर्वी संबंध नकोत असा संदेश विद्यार्थ्यांना द्यावा, अशी शिफारस केली.

यानंतर शासनाने तोच आशय दुसऱ्या मार्गाने आणला. २०१४ मध्ये आरोग्य खात्याचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, ज्यात ‘साथिया’ म्हणून निवडलेले समवयस्क प्रशिक्षक आणि सरकारी रुग्णालयांतील किशोरवयीनांसाठीची सल्ला केंद्रे यांचा समावेश आहे; महाराष्ट्रात ही केंद्रे ‘मैत्री’ या नावाने ओळखली जातात. आयुष्मान भारत योजनेतील शालेय आरोग्य कार्यक्रमाने प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक स्त्री व एक पुरुष, आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची आणि ११ विषयसूत्रांवर तासिका घेण्याची योजना आखली. भावनिक आरोग्य, लिंगभाव समानता, प्रजनन आरोग्य, हिंसेपासून सुरक्षितता आणि इंटरनेटचा सुरक्षित वापर ही त्यांतील काही सूत्रे आहेत. कागदावर ही रचना सर्वंकष भूमिकेच्या बरीच जवळ जाणारी आहे. प्रत्यक्षात मात्र परीक्षेत गुण नसलेल्या तासिकेचे जे होते तेच तिचेही होते: दहावीच्या जादा वर्गांना, स्पर्धापरीक्षांना आणि शिक्षकांच्या शाळाबाह्य कामांना ती जागा देते.

न्यायव्यवस्थेची भूमिका अलीकडे अधिक स्पष्ट झाली आहे. बालकांच्या अश्लील चित्रफितींसंबंधीच्या सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लैंगिक शिक्षणामुळे स्वैराचार वाढतो हा समज निराधार असल्याचे सांगितले आणि झारखंडच्या शासकीय शाळांतील ‘उडान’ कार्यक्रमाचा अनुकरणीय उदाहरण म्हणून उल्लेख केला.

कायद्याने निर्माण केलेला पेच

शिक्षकांच्या अडचणींचा विचार करताना कायद्याची एक बाजू दुर्लक्षित राहते. ‘पॉक्सो’ कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती लैंगिक संबंधाला कायदेशीर संमती देऊ शकत नाही. २०१२ पूर्वी ही मर्यादा सोळा वर्षे होती. त्याचबरोबर अशा संबंधाची माहिती मिळालेल्या प्रत्येक व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे आणि न कळवणे हाही गुन्हा आहे. अत्याचार दडपले जाऊ नयेत यासाठी ही तरतूद अत्यावश्यक आहे. पण सतरा वर्षांची विद्यार्थिनी आपल्या वर्गमित्राशी असलेल्या नात्याविषयी सल्ला विचारण्यास आली, तर शिक्षिकेपुढे ऐकणे आणि तक्रार नोंदवणे यांतून निवड करण्याची वेळ येते, आणि हे ठाऊक असलेली मुलगी पुढे येतच नाही. गर्भपाताच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये डॉक्टरांना अल्पवयीन मुलीचे नाव उघड न करण्याची मुभा दिली. शिक्षकांसाठी तशी सवलत नाही. म्हणून तासिकेच्या प्रारंभीच कोणती गोष्ट गुप्त राहील, कोणती सांगावी लागेल आणि का, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट करणे हा प्रशिक्षणाचा भाग असला पाहिजे. १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकाची, तसेच अल्पवयीन व्यक्तीचे नग्न छायाचित्र मोबाइलवरून पुढे पाठवणे हा गंभीर अपराध असल्याची माहिती देणेही याच चर्चेत येते.

वर्गात काय घडते

धोरण कोणतेही असो, त्याची कसोटी वर्गात लागते, आणि वर्गात सर्वांत महत्त्वाचा घटक शिक्षक असतो. या विषयाची लाज शिक्षकालाही वाटते, कारण त्याला स्वतःला हे शिक्षण मिळालेले नसते. म्हणूनच अनुभवी संस्थांच्या प्रशिक्षणात आशय शिकवण्याआधी शिक्षकांच्या स्वतःच्या समजुतींवर काम केले जाते. पुण्याच्या ‘तथापि’ संस्थेने ‘शरीर साक्षरता’ ही संकल्पना पुढे आणली, तिच्यामागेही हाच विचार आहे: स्वतःच्या शरीराची भाषा वाचता येणे ही अक्षरओळखीइतकीच मूलभूत गरज असून ती मोठ्यांनाही भागवावी लागते.

अध्यापनाच्या पद्धतींत सर्वाधिक उपयुक्त ठरलेले साधन म्हणजे प्रश्नपेटी. विद्यार्थ्यांनी नाव न लिहिता चिठ्ठीवर प्रश्न टाकायचा आणि प्रशिक्षकाने सर्व चिठ्ठ्या आधी वाचून, त्यांचे गट करून वर्गात उत्तरे द्यायची, अशी ही साधी रीत आहे. प्रश्न विचारणाऱ्याची ओळख झाकली जाते, सर्वांनाच तीच शंका होती हे कळल्याने एकटेपणा कमी होतो, आणि शिक्षकाला उत्तराची तयारी करायला वेळ मिळतो. प्रत्येक चिठ्ठी वाचली जाणे मात्र आवश्यक आहे, कारण एखादी चिठ्ठी प्रश्नाच्या रूपात मदतीची हाक असू शकते.

मुले आणि मुली यांना एकत्र शिकवावे की वेगळे, याचे एकच उत्तर नाही. मासिक पाळी, स्वप्नावस्थेतील वीर्यस्खलन किंवा शरीराविषयीचा न्यूनगंड यांसारख्या विषयांवर पहिली चर्चा स्वतंत्र गटांत अधिक मोकळी होते, तर संमती, छेडछाड आणि मैत्री या विषयांवर दोन्ही गटांनी एकमेकांचे ऐकणे हाच शिक्षणाचा गाभा असतो. प्रत्यक्षात अनेक शाळांत सॅनिटरी पॅडच्या माहितीसाठी मुलींना वेगळ्या खोलीत नेले जाते आणि त्या वेळी मुलांना मैदानावर सोडले जाते. अशा वेळी मुलांच्या हाती कुतूहल आणि टिंगल यांशिवाय काहीच लागत नाही. मुलग्यांच्या स्वतःच्या गरजाही या व्यवस्थेत दुर्लक्षित राहतात. वीर्य गेल्याने शक्ती जाते, या समजुतीतून येणारी थकवा, चिंता आणि अपराधगंड यांची लक्षणे भारतीय मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये नोंदवली आणि मानसोपचारशास्त्रात ती आज ‘धात’ विकृती म्हणून ओळखली जाते. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोगां’च्या जाहिराती देणाऱ्या भोंदू वैद्यांचा धंदा याच भीतीवर चालतो, आणि हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, एवढे एक वाक्य शाळेने वेळेवर सांगितले तरी ती भीती बरीच कमी होऊ शकते.

आज या भोंदूंच्या जोडीला मोबाइलवरील अश्लील चित्रफिती आल्या आहेत. त्या पाहून शरीराविषयी, संभोग टिकण्याच्या वेळेविषयी आणि स्त्रीच्या संमतीविषयी ज्या कल्पना तयार होतात, त्यांवर नुसत्या बंदीचा उपाय चालत नाही. तो अभिनय आहे, त्यात संमतीची विचारणा दाखवली जात नाही आणि प्रत्यक्ष नात्याशी त्याचा संबंध नसतो, हे मोठ्या माणसाने शांतपणे सांगावे लागते. अपंग, विशेषतः बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना या शिक्षणातून वगळण्याची प्रथा तर आणखी घातक आहे, कारण त्यांना अत्याचाराचा धोका अधिक असतो आणि घडलेले सांगण्यासाठी लागणारे शब्द त्यांना कोणी दिलेले नसतात.

तीन भारतीय प्रयोग

परदेशातील निष्कर्ष येथे लागू पडतील का, अशी शंका घेणाऱ्यांसाठी देशातीलच तीन प्रयोग विचारात घेण्याजोगे आहेत. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ संस्थेने दोन खेड्यांत केलेल्या आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार असल्याचे आढळले, आणि त्यांपैकी फारच थोड्या स्त्रियांची त्यापूर्वी तपासणी झाली होती. मौनाची किंमत अशी मोजली गेल्यानंतर डॉ. राणी बंग यांनी किशोरवयीनांसाठी ‘तारुण्यभान’ ही शिबिरे सुरू केली. शरीराच्या माहितीबरोबर प्रेम, आकर्षण आणि जबाबदारी यांची मोकळी चर्चा करणारी ही शिबिरे ग्रामीण व आदिवासी भागांतूनही स्वीकारली गेली. त्यामुळे खेड्यातील समाज हा विषय ऐकूनच घेणार नाही, ही समजूत टिकत नाही.

दुसरा प्रयोग मुंबईचा आहे. तेथील ४५ महानगरपालिका शाळांत २००८ पासून ‘जेम्स’ या संक्षिप्त नावाचा लिंगभाव समानतेचा कार्यक्रम राबवण्यात आला, ज्यात आंतरराष्ट्रीय महिला संशोधन केंद्र, ‘कोरो’ ही संस्था आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था सहभागी होत्या. सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांबरोबर घरकामाची विभागणी, मारहाण, शरीरातील बदल आणि नकार यांवर खेळ व चर्चांद्वारे काम झाले. ज्या शाळांत केवळ प्रचारमोहीम झाली त्यांच्यापेक्षा जेथे गटचर्चाही झाल्या तेथे मुलामुलींच्या मतांत अधिक बदल दिसला. भित्तिपत्रक आणि भाषण यांपेक्षा परस्परसंवाद प्रभावी ठरतो, हे यातून दिसते.

तिसरा प्रयोग झारखंडचा. तेथे ‘उडान’ कार्यक्रम २००६ पासून राज्याच्या शिक्षण विभागाने एका स्वयंसेवी संस्थेच्या साहाय्याने शासकीय शाळांत चालवला. एचआयव्हीच्या भीतीऐवजी किशोरवयीनांच्या एकूण जडणघडणीवर भर, नियमित वेळापत्रकात जागा, शिक्षकांच्या प्रशिक्षणाची शासकीय यंत्रणा आणि प्रारंभापासून अधिकारी व समाजाला सोबत घेणे, या गोष्टींमुळे इतर राज्यांत बंदी येत असतानाही तो टिकला. महाराष्ट्र आणि झारखंड यांच्यातील फरक पुरोगामीपणाचा नव्हता; तयारीचा होता.

पालकांचे स्थान आणि पुढील वाट

पालकांचा विरोध हा अडथळा मानण्यापेक्षा तो एक मागणी म्हणून वाचणे शहाणपणाचे ठरते. आपल्या मुलांना काय सांगितले जाणार हे आधी कळावे, ही ती मागणी आहे आणि ती रास्त आहे. इंग्लंडने सप्टेंबर २०२० पासून प्राथमिक शाळांत नातेसंबंधांचे आणि माध्यमिक शाळांत नातेसंबंध व लैंगिकतेचे शिक्षण सक्तीचे केले. पालकांना लैंगिक शिक्षणाच्या भागातून मूल काढून घेण्याची मागणी करता येते, नातेसंबंधांच्या शिक्षणातून मात्र येत नाही. सर्वांना मान्य होईल असा गाभा अनिवार्य ठेवून वादग्रस्त भागात मोकळीक देण्याची ही रीत भारतातही विचार करण्यासारखी आहे. शाळेने वर्षाच्या सुरुवातीला पालकसभेत सर्व साहित्य मांडले, तर २००७ सारखे वादंग उठण्याचे निम्मे कारण नाहीसे होईल.

या शिक्षणाची निकड केवळ शहरी मोबाइलधारक मुलांपुरती नाही. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाले होते आणि परभणी व बीड या जिल्ह्यांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक होते. १५ ते १९ वयोगटातील ७.६ टक्के मुली पाहणीच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. ऊसतोडीच्या हंगामात आईवडील कारखान्याकडे निघतात तेव्हा मुलीला मागे ठेवण्याची धास्ती आणि गरिबी यांमुळे तिचे लग्न उरकले जाते, आणि ही कारणे शाळेच्या एका तासिकेने दूर होणारी नाहीत. पण वसतिगृह आणि शाळेत टिकून राहण्याची सोय यांच्या जोडीला आपल्या शरीराची, कायद्याची आणि नकाराच्या अधिकाराची माहिती असलेली मुलगी किमान कोणाकडे मदत मागावी हे जाणते. विवाहापूर्वी संबंध नकोत एवढाच संदेश देणारे धोरण तर या मुलींच्या काहीच उपयोगाचे नाही, कारण त्यांचा धोका विवाहाच्या आतच आहे.

यावरून महाराष्ट्रासाठी निघणारे निष्कर्ष फारसे गुंतागुंतीचे नाहीत. नवे पाठ्यपुस्तक लिहिण्यापेक्षा शालेय आरोग्य कार्यक्रमातील मंजूर तासिका प्रत्यक्ष वेळापत्रकात बसवणे, बी.एड. व डी.एल.एड. या अभ्यासक्रमांतच या विषयाचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण देणे, शरीरबदलांची माहिती पाळी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे पाचवी-सहावीत आणणे, मुलग्यांना प्रत्येक टप्प्यावर सामील करणे आणि शाळा, ‘मैत्री’ केंद्र व पालक यांच्यात दुवा निर्माण करणे ही कामे अधिक तातडीची आहेत. यांपैकी एकाही कामासाठी नव्या कायद्याची गरज नाही. या विषयाचा आशय काय असावा, यावर गेल्या दोन दशकांत भरपूर वाद झाले. तो आशय शिकवू शकणारा शिक्षक कोठून येणार, यावर त्या मानाने फारच थोडी चर्चा झाली, आणि शाळेने चारपैकी कोणतीही वाट निवडली तरी ती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचते की नाही, हे अखेर त्या शिक्षकावरच अवलंबून राहते.